एअर रायफलचं बॅलिस्टिक ॲप: बीसीला हात सगळ्यात शेवटी

पंचवीस मीटरवर छर्रा ठिपक्यात बसतो. चाळीस मीटरवर मात्र, कुठल्या अंतरावर छर्रा किती वर-खाली लागेल ते सांगणाऱ्या ॲपने दिलेल्या जागेच्या सेंटिमीटरभर वर लागतो. मग ॲप उघडून बीसीचा (बॅलिस्टिक कोएफिशंटचा) आकडा सरकवायचा, चाळीसला जुळवून घ्यायचं आणि खूश व्हायचं. दुसऱ्या दिवशी दहा मीटरवर मारलं की पुन्हा सगळं बिघडलेलं. हा घोळ मी इतक्या जणांकडे पाहिलाय की आता सगळी पद्धत एकदाच नीट लिहून ठेवतो.

चेअरगन असो, स्ट्रेलॉक असो की दुसरं काही, सगळ्यांच्या आतलं गणित जवळपास सारखंच असतं आणि ते सहसा चुकत नाही. चुकतात ते आपण भरलेले आकडे. वेग, छर्ऱ्याचं वजन, स्कोपची (रायफलवरच्या दुर्बिणीची) उंची, झिरोचं अंतर (जिथे छर्रा बरोबर निशाणावर लागतो ते) आणि हवा या पाच गोष्टी आपल्याला मोजता येतात. सहावी म्हणजे बीसी, छर्रा हवा किती सहज कापतो त्याचा आकडा. घरच्या साधनांनी तो नेमका मिळवणं अवघड. म्हणून आधी पाच गोष्टी मोजून पक्क्या करायच्या. त्यानंतर जी चूक उरेल ती सहावीच्या खात्यावर टाकायची. क्रम उलटा केला की पाचही चुका बीसीच्या पोटात जाऊन बसतात आणि कधीच सापडत नाहीत.

पुढचे सगळे हिशेब एकाच रायफलचे धरले आहेत: .१७७ बोअरची स्प्रिंगची ब्रेक-बॅरल (नळी वाकवून ताणायची), ८.४४ ग्रेनचा गोल डोक्याचा छर्रा, वेग सेकंदाला २१० मीटर, झिरो २५ मीटरवर. ताकद होते १२ ज्यूल. .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. त्यापुढची रायफल असेल तर आधी कागदपत्रं बघा.

## तयारी

लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत: क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र), व्हर्नियर कॅलिपर, तीस किंवा पन्नास मीटरचा टेप, ओळंबा, वाळूची पिशवी, एक वही. व्हर्नियर विकत घ्यायची गरज नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात ओळखीचा एक लेथवाला असला की पाच मिनिटांचं काम. क्रोनोग्राफ चार जणांत मिळून घ्या, वर्षातून तीन-चार वेळाच लागतो.

जागेबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. आपल्याकडे बहुतेक जण मळ्यात मारतात आणि निशाण उभ्या उसाच्या कडेला लावतात. असं करू नका. उसात पाणी पाजणारा माणूस असतो, वैरण काढणाऱ्या बायका असतात, आणि त्या दिसत नाहीत. हुकलेला छर्रा अडीच-तीनशे मीटर सहज जातो. निशाणामागे मातीचा उंच बांध किंवा वाळूची पोती हवीत. जांभ्याचा गडगा, विटांची भिंत, पत्रा यांवरून छर्रा उलटा येतो. डोळ्यांवर चष्मा हवा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. आणि निशाण कागदाचंच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पक्ष्यांवर छर्रा मारणं हा गुन्हा आहे.

सगळी मोजमापं सकाळी सात ते नऊच्या दरम्यान घ्या. पश्चिमेचा वारा त्यानंतर उठतो.

## १. स्कोप सरळ बसवा

पंचवीस मीटरवर ओळंबा टांगा, त्याच्या दोरीला पांढरा रंग लावा. रायफल पिशवीवर ठेवून ॲक्शन लेव्हलमध्ये आणा आणि स्कोपची उभी रेघ त्या दोरीवर बसवा. माऊंटचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली की नळकांडं फिरतं.

ब्रेक-बॅरलची नळी अनेकदा किंचित खाली झुकलेली असते. मग झिरो करताना वरचा टरेट (निशाण वर-खाली करायची खुंटी, तिचा एकेक टप्पा म्हणजे क्लिक) चढवत न्यावा लागतो आणि शेवटाला पोचतो. तिथे क्लिक नीट चालत नाहीत. टरेट एकदा तळापासून टोकापर्यंत फिरवून एकूण क्लिक मोजा. त्यांचे तीन भाग केले तर झिरो मधल्या भागात येत नसेल तर मागच्या रिंगखाली पातळ पत्र्याची पट्टी घाला.

सावधान: स्प्रिंगच्या रायफलचा झटका आधी मागे आणि लगेच पुढे असा दोन्हीकडे बसतो. साधा स्कोप त्यात आतून निखळतो. एअर रायफलसाठी बनवलेला आणि दहा मीटरपासून फोकस होणारा स्कोपच वापरा. शंभर यार्डाला पक्का केलेला स्कोप वीस मीटरवर डोकं जरा हललं तरी निशाण हलवतो.

## २. एकच डबा, एकच छर्रा

ज्या डब्यातले छर्रे क्रोनोग्राफवर मारणार, त्याच डब्यातले पुढे सगळीकडे. डब्यावरचं वजन जसंच्या तसं भरू नका. वीस छर्रे एकत्र मोजा आणि वीसने भागा. मी गुजरीत ओळखीच्या सराफाकडे जातो, त्याच्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत दिसतं. ०.५४७ ग्रॅम म्हणजे ८.४४ ग्रेन (एक ग्रेन ०.०६४८ ग्रॅमचा). घागरा (मागचा पसरट भाग) चेपलेले छर्रे आधीच बाजूला काढा.

## ३. वेग मोजा

कंपनीच्या खोक्यावरचा वेग सर्वात हलक्या छर्ऱ्याचा असतो. तो ॲपमध्ये भरायचा नाही. आपल्या रायफलीवर वेगात फक्त १० मीटरची चूक झाली, म्हणजे २१० ऐवजी २२० भरले, तर ५० मीटरवर दीड सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो. बाकी सगळ्या चुकांपेक्षा ही मोठी.

पाच छर्रे सोडून द्या, म्हणजे नळी आणि स्प्रिंग रुळतात. मग दहा मारा आणि दहाही आकडे वहीत लिहा. सरासरी भरायची. सर्वात जास्त आणि सर्वात कमी यांतला फरकही लिहा. स्प्रिंगच्या रायफलीत तो ५ ते ७ मीटर असेल तर चालतं. १५ च्या पुढे गेला तर थांबा. सील, ढिला स्क्रू, नळीत सांडलेलं तेल, यांपैकी काहीतरी आहे आणि कोणतंही ॲप त्यावर उपाय नाही. नुकतंच तेल घातलेलं असेल तर ते दाबाने पेटतं आणि पहिले कितीतरी छर्रे खोटे वेगवान निघतात. फटका जोराचा येतो, नळीतून धूर दिसतो. तो धूर गेल्यावरच मोजा. पीसीपी (आधी दाबाने हवा भरून ठेवायची रायफल) असेल तर भरल्यापासून शेवटच्या दाबापर्यंत पूर्ण सिलिंडरचे वेग लिहा आणि जिथे वेग सपाट राहतो तेवढाच पट्टा वापरा.

तपासा: घरात ट्यूबलाइटखाली क्रोनोग्राफ भलतेच आकडे दाखवत असेल तर दोष दिव्याच्या लुकलुकण्याचा आहे. बाहेर, सावलीत, वर पांढरा कागद धरून मोजा.

## ४. स्कोपची उंची

ॲप विचारतं ते अंतर नळीच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंतचं. माऊंटची उंची वेगळी आणि ही वेगळी. ॲपमध्ये आधीपासून दीड इंच भरलेला असतो आणि निम्मे लोक तो तसाच ठेवतात.

मागच्या उन्हाळ्यात कसबा बावड्याचा एक मुलगा रायफल घेऊन आला. "काका, ह्या ॲपचं काही खरं नाही," म्हणाला. पंचवीसला झिरो होता, चाळीसला छर्रा सेंटिमीटरभर वर लागायचा. त्याने बीसी ०.०२१ वरून ०.०४० पर्यंत नेला, तेव्हा कुठे चाळीसला जुळलं. "दहावर मारलंस का?" विचारलं तर नाही म्हणाला. तिथेच मारायला लावलं. दहा मीटरवर छर्रा ॲपपेक्षा पूर्ण एक सेंटिमीटर खाली. मग व्हर्नियर लावला. माऊंट उंच होते, स्कोपची उंची ५.५ सेंटिमीटर निघाली आणि ॲपमध्ये ३.८. आकडा दुरुस्त केला, बीसी परत ०.०२१ वर आणला. दहा आणि चाळीस, दोन्ही ठिकाणी ॲप बरोबर आलं.

असं का होतं ते पाहा. उंची एक सेंटिमीटरने चुकली आणि झिरो २५ वर असला तर १० मीटरवर ६ मिलिमीटर चूक येते. २५ वर शून्य. ५० वर १० मिलिमीटर, पण उलट दिशेने. जवळची चूक बीसीने कधीच भरून निघत नाही, कारण दहा मीटरमध्ये हवेला छर्रा अडवायला वेळच मिळत नाही. म्हणून दहा मीटरचं निशाण हे उंचीचं खरं माप आहे.

मोजायचं असं. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. ब्रीचपाशी (नळीच्या मागच्या टोकाला) व्हर्नियरचा एक जबडा नळीच्या खालच्या कडेला आणि दुसरा स्कोपच्या बारीक नळकांड्याच्या वरच्या कडेला. समजा ६२.७ मिलिमीटर आले. नळीची जाडी १६, तिची निम्मी ८. स्कोपचं नळकांडं २५.४, त्याचं निम्मं १२.७. दोन्ही वजा केले की ४२ मिलिमीटर. आता दुसऱ्या पद्धतीने: नळीची वरची कड आणि स्कोपची खालची कड यांमधली फट मोजा, ती २१.३ यायला हवी. त्यात ८ आणि १२.७ मिळवले की पुन्हा ४२. दोन्ही पद्धतींत मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा. स्कोपच्या पुढच्या फुगीर तोंडावरून माप घेऊ नका.

## ५. झिरो

अंतर टेपने, नळीच्या तोंडापासून कागदापर्यंत. पावलांनी नाही. पाच मीटरचं अंतर एकदा पावलांनी मोजा आणि नंतर टेप लावा, म्हणजे विश्वास उडेल.

तीन छर्ऱ्यांवर झिरो ठरवू नका. दहा मारा, ग्रुपचा (दहा भोकांच्या घोळक्याचा) मध्य काढा, तेवढेच क्लिक फिरवा, आणि पुन्हा दहा मारून खात्री करा. २५ मीटरवर मध्य ५ मिलिमीटर चुकला तर ५० वर तो १० होतो. स्प्रिंगची रायफल पिशवीवर घट्ट दाबून धरली की वेगळीकडे मारते. पुढचा हात उघडा, रायफल तळव्यावर नुसती विसावलेली, खांद्याशी हलकी. आणि ज्या पकडीने नंतर मारणार त्याच पकडीने झिरो करा.

तपासा: दहाचा ग्रुप २५ मीटरवर तीन सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर ॲप बंद करा. आधी स्क्रू, छर्रा आणि पकड बघा.

## ६. कोल्हापूरची हवा

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. इथला प्रत्यक्ष दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. हवामानाचं कोणतंही ॲप मात्र १००८, १०१२ असे आकडे दाखवतं, कारण ते समुद्रसपाटीला आणलेले असतात. तो आकडा प्रत्यक्ष दाब म्हणून भरला तर ॲप समजतं की आपण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभे आहोत.

दोन मार्ग आहेत, एकच धरा. पहिला: फोनच्या बॅरोमीटरचा प्रत्यक्ष दाब भरा आणि उंचीची दुरुस्ती बंद ठेवा. दुसरा: समुद्रसपाटीचा दाब आणि ५५० मीटर उंची, दोन्ही भरा. दोन्हींची खिचडी केली की हवा एकतर दोनदा पातळ होते नाहीतर मुळीच होत नाही. आपल्या रायफलीवर ३० अंश तापमानात दाबाच्या या गोंधळाने ५० मीटरवर साधारण ४ मिलिमीटर फरक पडतो. ॲपची मूळ मांडणी, म्हणजे १५ अंश आणि समुद्रसपाटी, तशीच ठेवली तर फरक ७ मिलिमीटरवर जातो. वेगाच्या चुकीपेक्षा हा लहान आहे, म्हणून दर तासाला आकडे बदलत बसू नका. ठिकाण आणि ऋतू बदलला की बदला.

तापमानाचा दुसरा, जास्त महत्त्वाचा परिणाम रायफलीवरच होतो. डिसेंबरच्या पहाटे ग्रीस घट्ट असतं, एप्रिलच्या दुपारी पातळ. हा फरक ॲपला कळत नाही. दोन्ही वेळी वेग मोजून वहीत ठेवा.

वारा मात्र मांडणीच्या वेळी शून्यच. निशाणाशेजारच्या काठीला लोकरीचा धागा बांधा. तो लटकलेला असेल तेव्हाच मारा.

## ७. ॲपमध्ये भरणं

आधी एककं ठरवा, मग आकडे भरा. मधेच एकक बदललं तर काही ॲप आकडा रूपांतरित करतात, काही तसाच ठेवतात. अंतर मीटर, उंची सेंटिमीटर, वेग मीटर प्रति सेकंद, वजन ग्रेन. स्कोपच्या फोकसच्या कड्यावर बहुधा यार्ड असतात, आणि ५० यार्ड म्हणजे ४५.७ मीटर.

ड्रॅग मॉडेल (हवेच्या अडथळ्याचं गणित) विचारलं तर एअर रायफलच्या छर्ऱ्याचं, जीए किंवा डायबोलो असं लिहिलेलं निवडा. ते नसेल तर जी१. जी७ बंदुकीच्या लांबट गोळ्यांसाठी आहे. बीसी सध्या छर्ऱ्याच्या यादीतला भरा, ८.४४ ग्रेनच्या गोल डोक्याला ०.०२१. चपट्या डोक्याच्या छर्ऱ्याचा याच्या जेमतेम निम्मा असतो.

सगळं भरल्यावर आपल्या रायफलीचा तक्ता साधारण असा यायला हवा (निशाणापेक्षा वर अधिक, खाली उणे):

१० मीटर: उणे ०.६ सेंटिमीटर
१३ मीटर: शून्य
२० मीटर: अधिक ०.५
२५ मीटर: शून्य
३० मीटर: उणे १.२
३५ मीटर: उणे ३.३
४० मीटर: उणे ६.१
५० मीटर: उणे १४.५

तुमचे आकडे वेगळे असतील, पण आकार हाच. रेघ दोनदा शून्यातून जाते, एकदा जवळ आणि एकदा झिरोवर.

## ८. क्लिक आणि रेटिकल तपासा

ॲप सांगेल, चाळीसला २१ क्लिक वर. ते खरं ठरायला तुमचा क्लिक खरोखर पाव एमओए (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) असायला हवा, आणि स्वस्त स्कोपमध्ये तो असेलच असं नाही. २५ मीटरवर उंच कागद लावा, त्यावर ओळंब्याने उभी रेघ मारा. तळाच्या ठिपक्यावर पाच छर्रे मारा. वर ४० क्लिक फिरवा, निशाण त्याच ठिपक्यावर धरून पुन्हा पाच मारा. दोन ग्रुपच्या मध्यांत ७.३ सेंटिमीटर अंतर हवं. ६.६ आलं तर तुमचा क्लिक दहा टक्के लहान आहे; ॲपमध्ये क्लिकचं माप भरायची सोय असते, तिथे भरा. वरचा ग्रुप रेघेच्या बाजूला गेला तर स्कोप तिरका आहे, पायरी एकवर परत जा.

क्लिक न फिरवता रेटिकलच्या (स्कोपमधल्या रेघांच्या) ठिपक्यांवर मारणार असाल तर २५ मीटरवर पट्टी लावा. एक मिल म्हणजे बरोबर २५ मिलिमीटर. बहुतेक स्कोपमध्ये हे एकाच झूमला खरं असतं. तो झूम सापडला की कड्यावर रंगाची खूण करा आणि ॲपमध्येही तोच भरा.

## ९. पडताळणी

आता १०, २०, ३०, ४० आणि ५० मीटरवर, क्लिकला हात न लावता, प्रत्येकी दहा छर्रे मारा. निशाण ठिपक्यावरच धरा. छर्रे किती वर किंवा खाली लागले ते पट्टीने मोजा आणि तक्त्याशेजारी लिहा. ॲपच्या आकड्याकडे बघत बघत मारू नका. मन त्या आकड्याकडे ओढतं.

मग वाचा:

दहा मीटरला चूक असेल तर स्कोपची उंची पुन्हा मोजा. दहा-वीस बरोबर आणि पुढे चूक वाढत जात असेल तर आधी वेग पुन्हा मोजा, डबा तोच आहे का पाहा. पंचवीसला मध्यावर, जवळ डावीकडे आणि लांब उजवीकडे जात असेल तर स्कोप नळीच्या बरोबर वर नाही, बाजूला बसलाय. एकाच अंतरावर चूक आणि बाकी ठीक असेल तर ते अंतर टेपने पुन्हा मोजा. बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

## १०. आणि आता बीसी

वरचं सगळं जुळलं, वेग दोनदा मोजला, आणि तरीही ४० आणि ५० ला एकाच दिशेने, वाढत जाणारी चूक उरली, तरच बीसीला हात लावा. ५० मीटरचं निशाण धरून ०.००१ च्या पायरीने बदला. छर्रा तक्त्यापेक्षा वर लागतो तर बीसी वाढवा, खाली लागतो तर कमी करा. मग ३५ मीटरवर दहा मारून बघा, हे अंतर आधी वापरलेलं नाही. तिथे जुळलं तर बीसी खरा. ८.४४ ग्रेनच्या छर्ऱ्याला तो ०.०१५ च्या खाली किंवा ०.०३० च्या वर जात असेल तर मागच्या एखाद्या पायरीत चूक राहिली आहे. तो आकडा जतन करू नका.

काही जण दोन अंतरांवर वेग मोजून बीसी काढतात. दोन वेगांच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगला आठ हजारने गुणायचं आणि त्या गुणाकाराने यार्डांतल्या अंतराला भागायचं, हे सूत्र. पद्धत चांगली आहे, पण त्यात एक खड्डा आहे. कोल्हापूरच्या पातळ हवेत काढलेला आकडा मोठा येतो, ०.०२१ च्या जागी ०.०२३ ते ०.०२४. त्यात इथली हवा आधीच मिसळलेली असते. तो भरून वर पुन्हा इथला दाब आणि तापमान भरलं की हवा दोनदा मोजली जाते. असा बीसी वापरायचा तर ॲपमध्ये हवा मूळ मांडणीवर ठेवा. आणि दूरच्या क्रोनोग्राफसमोर लोखंडी पत्रा उभा करा, फक्त खिडकीएवढी जागा मोकळी ठेवून.

## ११. कार्ड

शेवटचा तक्ता पाच-पाच मीटरने कागदावर लिहा, चिकटपट्टीने मढवा आणि स्टॉकच्या डाव्या बाजूला लावा. उन्हात मोबाईलचा पडदा दिसत नाही. कार्डाच्या कोपऱ्यात छर्ऱ्याचा डबा, वेग, तापमान आणि तारीख लिहा. नवा डबा उघडला, स्प्रिंग किंवा सील बदललं, स्कोप काढून परत बसवला, की कार्ड फाडायचं आणि क्रोनोग्राफपासून पुन्हा सुरू करायचं. फक्त ऋतू बदलला असेल तर दहा छर्ऱ्यांचा वेग आणि ४० मीटरवरचा एक ग्रुप पुरतो.